अकरा अंशांचा खुलासा

आमच्या घरातल्या विद्वानांचा पाय त्या आठवड्यात एका जागी ठरत नव्हता. अभ्यासिकेतून बाल्कनी, बाल्कनीतून स्वयंपाकघर, तिथे फ्रीज उघडायचा, आत काय आहे ते न बघताच बंद करायचा आणि परत अभ्यासिका. मी जमिनीची मोजणी करून पोट भरते, त्यामुळे माणूस हलला की मला अंतर दिसतं. एका सकाळी मी लक्ष ठेवलं, तर नाश्त्याच्या आधी हा गृहस्थ घरातल्या घरात सव्वा किलोमीटर चालला होता. विचारलं तर म्हणाला, काही नाही, पाय मोकळे करतोय.

विद्वान म्हणजे माझा नवरा. विषय: इस्लामी विचार, आधुनिकता आणि वास्तुकला. लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणींनी विचारलं होतं, यातलं नेमकं कुठलं? तिन्ही एकदम, असं मी सांगायची आणि त्या माझ्याकडे दयेने बघायच्या. विद्यार्थ्यांना तो सोपं करून सांगतो ते असं: पूर्वी माणूस सूर्य बघून, तारे बघून, वडीलधाऱ्यांना विचारून मक्केकडे तोंड करायचा. बहुतेक जुन्या जाणकारांचं म्हणणं होतं की लांब राहणाऱ्याला ती बाजू सापडली तरी पुरे. मग नकाशे आले, यंत्रं आली आणि त्या बाजूचा आकडा झाला. आकडा आला तशी आकडा चुकण्याची भीतीही आली. या भीतीलाच तो आधुनिकता म्हणतो. मी म्हणते, आमच्या धंद्यात याला नुसती काळजी म्हणतात, आणि ती नसेल तर लोकांच्या भिंती शेजाऱ्याच्या अंगणात जातात.

त्याचं नाव झालं ते एका पुस्तकामुळे, आणि पुस्तकाचं नाव झालं ते चौथ्या प्रकरणामुळे. ते प्रकरण बाजाराच्या मागच्या एका मशिदीवर आहे. एक्कावन्न वर्षांपूर्वी बांधलेली, सगळी काँक्रीटची, घुमट नाही, मिनार नाही. आत चोवीस खांब. भिंती, खांब आणि नमाजाची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा, ज्याला मिहराब म्हणतात, हे सगळं एकमेकांशी अगदी काटकोनात. पण फरशीत बसवलेल्या पितळी पट्ट्या, ज्यांच्यावर लोक रांगेने उभे राहतात, त्या सगळ्या तिरक्या. अकरा अंशांनी तिरक्या. भिंत एकीकडे बघते आणि माणसं दुसरीकडे. नवऱ्याने लिहिलं की ही इमारत माणसासाठी वळत नाही, माणसाला स्वतः वळायला लावते, आणि आधुनिक काळातल्या श्रद्धेचं इतकं नेमकं रूप दुसरीकडे कुठे बांधलं गेलेलं नाही. यावर परिषदा झाल्या. लांबलांबचे लोक कॅमेरे घेऊन यायला लागले आणि फरशीवर पालथे पडून फोटो काढायला लागले.

नमाज पढणाऱ्यांना मात्र या रूपाचा वैताग होता. तिरक्या रांगा सरळ खांबांना आपटतात. दर दुसऱ्या रांगेत खांब मध्ये येतो, दोन माणसांची जागा जाते, आणि शुक्रवारी निम्मे लोक जिन्यात उभे राहतात. मशिदीच्या कमिटीने ठरवलं होतं की आतले खांब काढून वर लोखंडी तुळया टाकायच्या. त्यांच्या इंजिनियरने आराखडाही करून दिला होता. पण पुस्तकामुळे इमारत वारसा समितीच्या नजरेत आली होती. समितीपुढे प्रश्न एकच होता: हा तिरकेपणा वास्तुकाराचा विचार आहे की नाही? विचार असेल तर एका खांबालाही हात लावता येणार नाही. वास्तुकार केव्हाच वारले होते. म्हणून गुरुवारच्या सुनावणीत माझ्या नवऱ्याने साक्ष द्यायची आणि त्यावर निकाल लागायचा, असं ठरलं होतं.

आधीच्या बैठकीत मशिदीच्या सेक्रेटरींनी एक मुद्दा काढला. ते एका कारखान्यातून निवृत्त झालेले बॉयलर मेकॅनिक, बोलणं मोजकं. अकरा हा आकडा सत्तावीस वर्षं जुना आहे आणि तो साहेबांच्या पुस्तकातलाच आहे, नव्याने मोजून घ्या, असं ते म्हणाले. समितीने विचारलं, कुणाकडून? तर ते म्हणाले, साहेबांच्या घरातच सर्व्हेअर आहेत, त्या पट्टी वाकडी धरणार नाहीत, आम्हाला चालतील. हे मला सेक्रेटरींनी स्वतः फोन करून सांगितलं. नवऱ्याने घरी येऊन सांगितलं ते वेगळंच.

"तू हे काम घेऊ नकोस," तो म्हणाला. "लोक नावं ठेवतील. नवऱ्याच्या पुस्तकाची मोजणी बायकोने करायची म्हणजे बरं दिसत नाही."

मला राग आला, आणि माझा राग फार लांबून यावा लागत नाही. तीस वर्षांच्या आसपास मी मोजणी करते आहे. माझ्या नकाशावर आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही. मी त्याला म्हटलं, तुझ्या पुस्तकाची नव्हे, इमारतीची मोजणी आहे, आणि इमारतीशी माझं लग्न झालेलं नाही. तो उठून बाल्कनीत गेला. त्याला माझ्या कामावर भरवसा नाही असाच अर्थ मी घेतला आणि दोन दिवस त्याच्याशी तुटकपणे वागले.

सोमवारी सकाळी मी यंत्रं घेऊन मशिदीत गेले. सेक्रेटरींनी दार उघडून दिलं आणि दुपारच्या नमाजाच्या आत आटपेल ना, एवढंच विचारलं. अंगणात दोन बिंदू पक्के केले, उपग्रहावरून त्यांची खरी दिशा घेतली आणि ती रेघ दारातून आत नेली. मधे एक म्हातारे गृहस्थ खांबाला टेकून बसले होते, ते न सांगताच सरकले. म्हणाले, या खांबाशी माझी चाळीस वर्षांची ओळख आहे, माझा डावा खांदा त्यानेच घासला आहे. खरंच तिथला गिलावा खांद्याच्या उंचीवर गुळगुळीत झाला होता.

आकडे आले. मिहराबची भिंत मक्केच्या खऱ्या दिशेपासून अकरा अंश दोन मिनिटं फिरलेली. मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. पट्ट्या मात्र बरोबर होत्या. नुसत्या बरोबर नाही, अडतीसच्या अडतीस पट्ट्या तीन मिनिटांच्या आत होत्या, आणि हे उपग्रहाच्या कितीतरी आधीचं काम. मला हेवा वाटला. गवंड्याच्या दोरीने हे होत नाही. ज्याने कुणी या पट्ट्या बसवल्या तो यंत्र लावून बसला होता आणि त्याला यंत्र कळत होतं. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

सर्व्हेअर नसलेल्यांसाठी एवढंच सांगते. होकायंत्राची सुई जी उत्तर दाखवते ती खरी उत्तर नसते. दोन्हींमध्ये थोडा फरक असतो, तो जागेनुसार आणि वर्षानुसार बदलतो, आणि त्याचे तक्ते मिळतात. होकायंत्राने मोजणी केली की तो फरक मिळवायचा किंवा वजा करायचा. कधी मिळवायचा आणि कधी वजा करायचा हे शिकाऊ पोरं पहिल्या वर्षी हमखास चुकतात, आणि पुढे दमलेला, घाईत असलेला, चांगला सर्व्हेअरही एखाद्या दिवशी चुकतो. उलटं केलं की चूक दुरुस्त होत नाही, दुप्पट होते.

ऑफिसात येऊन मी जुना तक्ता काढला. मशीद बांधली त्या वर्षी इथला फरक होता पाच अंश एकतीस मिनिटं. दुप्पट करा. अकरा अंश दोन मिनिटं.

मी खुर्चीत बसून राहिले. हा वास्तुकाराचा विचार नव्हता, श्रद्धेचं रूप नव्हतं. कुणीतरी मिळवायच्या ऐवजी वजा केलं होतं, वास्तुकाराने त्या नकाशावरची उत्तर खरी धरून अख्खी मशीद बेतली होती, आणि माझ्या नवऱ्याने त्यावर बावन्न पानं लिहिली होती. संध्याकाळी मी पुस्तक काढलं आणि होकायंत्राचा विचार त्याने केला होता का ते शोधलं. केला होता. तळटीप बेचाळीस: होकायंत्रातला फरक साडेपाच अंशांचा आहे, त्यामुळे अकरा अंशांचा खुलासा होत नाही. बिचारा, मला वाटलं. दारापर्यंत गेला आणि कडी न वाजवता परत फिरला. मला त्याची खरंच कीव आली, आणि दोन दिवसांच्या तुटकपणाची लाज वाटली.

पण कीव करत बसायला वेळ नव्हता, कारण खरा प्रश्न दुसराच होता. मूळ मोजणी कुणाची, हे मला माहीत होतं. माझ्या अब्बांची.

यात योगायोग काही नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी एक बारीक, चष्मेवाला संशोधक आमच्या दारात उभा राहिला तो याच मोजणीसाठी. मशिदीच्या जागेचा सर्व्हे तुमच्या वडिलांनी केला होता ना, त्यांना भेटायचं आहे, असं तो म्हणाला होता. दार मी उघडलं होतं. चार भेटींनंतर तो अब्बांपेक्षा माझ्याशीच जास्त बोलायला लागला आणि वर्षभरात आमचं लग्न झालं. अब्बा जाऊन नऊ वर्षं झाली. ऑफिसच्या पाटीवर अजूनही वर त्यांचं नाव आहे आणि खाली माझं. लोक काम घेऊन येतात ते वरचं नाव वाचून. त्यांच्याकडून कधी काही चुकलं असं मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

मंगळवारी मी त्यांची फील्डबुकं काढली, जागेवर आकडे टिपायच्या वह्या. लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात वर्षावार लावलेली, कापडी पाठीची. हवं होतं ते सापडायला वेळ लागला नाही. अक्षर तेच, उभं आणि बारीक. फरक बरोबर लिहिलेला, पाच अंश एकतीस मिनिटं. आणि त्याच्या आधी वजाचं चिन्ह, जिथे अधिक हवं होतं. पानावर खाडाखोड नाही, शंका नाही. खाली त्यांची सही.

अब्बा चुकले होते. मी हे मोठ्याने म्हणून बघितलं आणि मला रडू आलं. कुणी मेलं नव्हतं, काही पडलं नव्हतं, तरी आलं.

त्याच वहीच्या शेवटी आणखी तीन पानं होती. तारखा मशीद पूर्ण झाल्यानंतरच्या. अब्बा प्रत्येक कामावर कामाचा नंबर आणि मालकाचं नाव लिहायचे. इथे दोन्ही रकाने रिकामे. फक्त: रेघ आत नेली. पट्ट्या अडतीस. तपासलं, पुन्हा तपासलं, पुन्हा तपासलं. म्हणजे पट्ट्याही त्यांच्याच. ज्या पट्ट्यांमुळे माझ्या नवऱ्याचं नाव झालं त्या एका सर्व्हेअरने आपली चूक सुधारायला नऊ दिवस गुडघ्यावर बसून बसवल्या होत्या. तारखा नऊ होत्या, म्हणून मला नऊ माहीत.

बुधवारचा दिवस कसा गेला ते विचारू नका. मनात दोन्ही बाजूंनी ओढाताण चालू होती. सांगितलं तर नवऱ्याचं पुस्तक जमीनदोस्त आणि अब्बांचं नावही. नाही सांगितलं तर माझी कागदोपत्री काही चूक नव्हती, समितीने मला फक्त कोन विचारला होता, कारण नव्हे. प्रमाणपत्रात मी तेवढंच लिहून सहीही केली होती. पण मग त्या म्हाताऱ्यांचा खांदा आयुष्यभर तिथेच घासणार, अब्बांनी एकदा चुकून वजा केलं म्हणून, आणि मी ते बघून गप्प बसले म्हणून. चहा केला आणि प्यायचा विसरले. एका शेतजमिनीच्या नकाशावर तारीख चुकीची टाकली. नवरा शेजारच्या खोलीत येरझाऱ्या घालत होता आणि त्या आवाजाने माझं डोकं उठलं होतं.

पाच वाजता तो स्वयंपाकघरात आला आणि सवयीने फ्रीज उघडला.

"बस," मी म्हटलं. "तुला काही सांगायचंय."

"उभाच बरा आहे."

"अकरा म्हणजे दोनदा साडेपाच. अब्बांनी फरक उलटा धरला. मोजणी चुकली, म्हणून मशीद चुकली. पट्ट्याही अब्बांनीच बसवल्या, वास्तुकाराचा त्यात काही संबंध नाही. मला माफ कर, पण उद्याच्या आधी तुला कळायला हवं होतं."

त्याने फ्रीज बंद केला. मग खुर्ची ओढून बसला, आठवड्यात पहिल्यांदाच नीट पाठ टेकून. त्याच्या चेहऱ्यावर धक्का दिसेल म्हणून मी हात पुढे केला होता. धक्का नव्हता.

"त्यांनी मला सांगितलं होतं," तो म्हणाला.

मी हात मागे घेतला. कधी, असं विचारलं. तो म्हणाला, दुसऱ्या भेटीत. मी चहा ठेवून गेले, अब्बांनी दार लोटलं आणि हेच फील्डबुक त्याच्यापुढे ठेवलं. मशीद उभी राहिल्यावर चार महिन्यांनी शेजारच्या प्लॉटची मोजणी करताना त्यांच्या लक्षात आलं होतं की दोन नकाशे जुळत नाहीत. ते वास्तुकाराकडे गेले. वास्तुकार म्हणाले, भिंती उभ्या राहिल्यात, विसरून जा. तेव्हाच्या इमामसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, बाजू तीच आहे, नमाजात काही उणं नाही, जिवाला लावून घेऊ नका. अब्बांनी लावून घेतलं. पट्ट्या बसवायची परवानगी तेवढी मागितली, आणि कारण कुणाला सांगू नका असंही सांगितलं. वास्तुकार आणि इमामसाहेब दोघांनी शब्द पाळला आणि दोघेही गेले.

"आणि तुला काय म्हणाले?"

"म्हणाले, माझी मुलगी सहा महिने झाले माझ्या पाटीखाली काम करतेय. तिचं पहिलं मोठं काम येतंय. हे आत्ता बाहेर आलं तर तिच्या मोजणीवर कोण भरवसा ठेवेल?"

"म्हणजे माझ्या भल्यासाठी."

"पहिल्यांदा त्यांच्यासाठी गप्प बसलो. तुझ्यासाठीही. मग पुस्तक चाललं," तो म्हणाला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग माझ्यासाठी."

निदान हे त्याने खरं सांगितलं. मी त्याला विचारलं की मग बावन्न पानं लिहिताना हात कसा चालला? तो म्हणाला, वास्तुकाराने असं ठरवलं होतं, असं एकही वाक्य त्या प्रकरणात नाही, हवं तर बघ. इमारत म्हणते, इमारत सुचवते, इमारत वळायला लावते. मी म्हटलं, तुम्ही विद्वान लोक इमारतीला बोलायला लावता, म्हणजे माणसाला तोंड उघडावं लागत नाही. यावर तो हसला नाही.

"तळटीपेत मी आकडा ठेवला होता," तो म्हणाला. "साडेपाच. कुठल्याही सर्व्हेअरने वाचला असता तर त्याने दुप्पट केला असता. मी वाट बघत होतो."

"कुणाची?"

"तुझी."

मला इतका संताप आला की हातातली वाटी मी सिंकमध्ये आपटली. फुटली नाही, स्टीलची होती. मी त्याला सांगितलं ते असं, आणि शब्द मी इथे सौम्य केले आहेत: तुम्ही दोघांनी दार लोटून माझ्याबद्दल ठरवलंत, मला विचारलं नाहीत, आणि आता सत्तावीस वर्षांनी चूक माझी, कारण मी तळटीपा वाचत नाही. मी मोजणी करू नये म्हणून तू आडवा आलास तो लोकांसाठी नाही, मला कळेल म्हणून. तो म्हणाला, हो. मग म्हणाला, तुला कळलं तर सुटका होईल असंही वाटत होतं, दोन्ही वाटत होतं, म्हणून तर बसवत नव्हतं. मी विचारलं, उद्या काय सांगणार आहेस? तो म्हणाला, तू म्हणशील ते, नाव तुझ्या वडिलांचं आहे.

"नाही," मी म्हटलं. "आता निर्णय माझ्या गळ्यात घालू नकोस. तुझं तू बघ, माझं मी बघते."

त्या रात्री तो अभ्यासिकेत जेवला आणि मी स्वयंपाकघरात.

सुनावणीची खोली लांबट होती, टेबलावर पाण्याचे ग्लास उपडे ठेवलेले, पंखा कुरकुरत होता. अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश. एका बाजूला सेक्रेटरी आणि कमिटीचे दोघे, दुसऱ्या बाजूला नवरा, त्याच्या मागे त्याचं पुस्तक हातात घेतलेले चार-पाच प्राध्यापक. मला आधी बोलावलं. मी कोन सांगितला: अकरा अंश दोन मिनिटं. अध्यक्षबाईंनी लिहून घेतलं. म्हणाल्या, म्हणजे सरांचा आकडा बरोबर होता, धन्यवाद, बसा.

मी बसले नाही.

"कारणही सापडलंय," मी म्हटलं. "मूळ मोजणीत होकायंत्राचा फरक उलटा धरला गेला. त्या वर्षीचा फरक पाच अंश एकतीस मिनिटं, त्याची दुप्पट अकरा अंश दोन. हा तिरकेपणा कुणाचा विचार नाही. चूक आहे. पट्ट्या नंतर बसवल्या, चूक सुधारण्यासाठी, आणि त्या बरोबर आहेत. फील्डबुक मी सोबत आणलंय."

"मूळ मोजणी कुणाची?"

"माझ्या वडिलांची. पट्ट्याही त्यांच्याच."

प्राध्यापकांपैकी एकाने खुर्ची मागे सारल्याचा आवाज आला. अध्यक्षबाईंनी वही उघडून ती तीन पानं वाचली, मग नवऱ्याकडे वळून विचारलं की यावर सरांचं काय म्हणणं आहे? तो उठला. समोरच्या आपल्या टिपणाकडे त्याने बघितलं सुद्धा नाही.

"त्या सांगताहेत ते बरोबर आहे," तो म्हणाला. "मला हे सत्तावीस वर्षांपासून माहीत आहे. माझ्या पुस्तकावर या मशिदीचा निकाल देऊ नका."

त्याला आणखी दोन प्रश्न विचारले गेले आणि त्याने दोन्हींची उत्तरं सरळ दिली. मागे बसलेल्यांपैकी दोघे उत्तर पूर्ण व्हायच्या आधीच उठून गेले. त्यातला एक त्याचा विद्यार्थी होता, त्याच्या हाताखाली डॉक्टरेट झालेला. जाताना पुस्तक खुर्चीवर ठेवून गेला. नवऱ्याने ते पाहिलं. मला त्याचा अजून राग होता, आणि तरी त्या क्षणी मी त्या मुलाच्या मागे धावत जाऊन त्याला खडसावलं असतं. अर्ध्या तासात समितीने संरक्षणाचा प्रस्ताव मागे घेतला. कमिटीला खांब काढायची मोकळीक मिळाली.

बाहेर व्हरांड्यात सेक्रेटरी माझ्यासाठी थांबले होते. मला वाटलं, काहीतरी लागेलसं बोलतील, त्यांचा तो हक्कच होता.

"पट्ट्या बरोबर आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"आहेत."

"मग त्या राहतील, खांब जातील." निघता निघता ते वळले. "माणूस चुकला, कुणी सांगितलं नसताना येऊन सुधारून गेला. यात लपवायचं काय होतं, ताई? आम्हाला सांगितलं असतं तर त्यांना आम्ही डोक्यावर घेतलं असतं."

घरी येताना नवरा आणि मी एकाच गाडीत बसलो, एवढंच. विद्यापीठातून त्याला फोन येत होते, तो घेत नव्हता. घरी आल्यावर तो सोफ्यावर आडवा झाला आणि पाच मिनिटांत झोपला, बूट न काढता, तोंड उघडं टाकून. दिवसाढवळ्या त्याला असं गाढ झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी त्याचे बूट काढले नाहीत.

मला काही झोप येणार नव्हती. मी ऑफिसात गेले, अर्धवट राहिलेलं काम पुढे ओढलं. जुन्या नकाशावरून सीमा काढायच्या होत्या, म्हणजे होकायंत्राचा फरक धरायचा होता. तक्ता उघडला आणि हात थांबला.

अब्बा आणि मी या टेबलाशी अठरा वर्षं समोरासमोर बसलो. होकायंत्राचा फरक धरायचं काम त्यांनी कधी स्वतः केलं नाही, प्रत्येक वेळी कागद माझ्याकडे सरकवायचे. माझे डोळे गेले, तू कर, म्हणायचे, आणि मग पुढे वाकून विचारायचे, "अधिक की वजा?" प्रत्येक कामाला, प्रत्येक नकाशाला. मी चाळिशीची झाले, माझ्या हाताखाली माणसं आली, तरी त्यांचं विचारणं थांबलं नाही. मला वाटायचं, हा माणूस अजून माझी परीक्षा घेतोय, अजून माझ्यावर भरवसा नाही. वीस वेळा सांगितलं आहे, लहान नाही मी आता, असं मी त्यांना चारचौघांत बोललेही आहे, आणि ते नुसते मान हलवून गप्प बसले आहेत.

ते परीक्षा घेत नव्हते. ते विचारत होते. त्यांना स्वतःचं खात्रीने सांगता येत नव्हतं, आणि ज्याच्यावर भरवसा होता अशा एकाच माणसाला ते विचारत होते. मी अठरा वर्षं दर वेळी वैतागून उत्तर दिलं. का विचारता, असं एकदाही विचारलं नाही.